जिमी रॉलिन्सला हॉल ऑफ फेममध्ये जागा हवी की नको?

डेलावेअरकाठी | २२ जानेवारी २०२५, रात्री ८:१०

काल बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमचा निकाल लागला. इचिरो, सीसी सबाथिया आणि बिली वॅग्नर आत गेले. इचिरोला ३९४ पैकी ३९३ मतं! तो एक नतद्रष्ट मतदार कोण, यावर सगळीकडे दळण चालू आहे. मला त्यात रस नाही. मी यादीत खाली खाली बघत गेलो. जिमी रॉलिन्स, १८ टक्के. लागतात ७५. मतपत्रिकेवरचं हे त्याचं चौथं वर्ष.

माझी बाजू मांडतो. फिलाडेल्फियाचा फिलीज हा संघ १८८३ पासून आहे. इतक्या वर्षांत या संघाकडून सगळ्यात जास्त हिट्स (चेंडू मारून बेस गाठणं) कोणाच्या? माइक श्मिटच्या नाहीत, रॉलिन्सच्या. २३०६. जून २०१४ मध्ये त्याने श्मिटचा २२३४ चा आकडा मागे टाकला. २००७ चा एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू). २००८ ची वर्ल्ड सिरीज. चार गोल्ड ग्लव्ह (क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार). २००५ चा मोसम संपताना सलग ३६ सामन्यांत हिट, पुढच्या मोसमाच्या सुरुवातीला आणखी दोन, म्हणजे ३८. आणि मुख्य मुद्दा: २००० हिट्स, २०० होमरन आणि ४०० स्टोलन बेस (पिचरची नजर चुकवून पळत पटकावलेले), हे तिन्ही नावावर असलेला शॉर्टस्टॉप हा एकटाच.

हे कमी पडतंय का? पडत असेल तर नेमकं कुठे, ते सांगा. "तो त्या तोडीचा वाटत नाही" एवढंच लिहायचं असेल तर कृपया कळफलकाला त्रास देऊ नका.

खट्याळ | ८:२२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. न्यूयॉर्कचे मेट्सवाले अजून यायचेत.

आकडेमोड | ८:५७

नेमकं कुठे ते सांगतो. बेसवर पोचण्यात.

कारकिर्दीचा ऑन-बेस (किती वेळा बेसवर पोचला त्याचं प्रमाण) .३२४. हा माणूस बहुतेक काळ पहिल्या क्रमांकावर खेळला, म्हणजे बेसवर पोचणं हेच ज्याचं काम. फलंदाजीचा एकूण आकडा, म्हणजे ओपीएस-प्लस, ९५ (१०० म्हणजे सरासरी). मैदान आणि काळ यांचा हिशेब धरला तर तो त्याच्या जमान्यातल्या सरासरी फलंदाजाच्याही थोडा खालीच येतो. शॉर्टस्टॉपला तेवढी सूट असते, मान्य. पण मग क्षेत्ररक्षण ऑझी स्मिथच्या आसपासचं हवं. रॉलिन्सचं चांगलं होतं, पण त्या जातीचं नव्हतं. वॉर (खेळाडूमुळे संघाला किती विजय जास्त मिळाले त्याचा अंदाज) ४७ च्या आसपास येतो, हॉलमधल्या शॉर्टस्टॉपची सरासरी ६७ च्या आसपास आहे. ही दरी डोळ्यांआड करण्याइतकी लहान नाही.

आणि त्या २३०६ हिट्सचं मला फार कौतुक नाही. वॉक न धरता फलंदाजीच्या पाळ्या म्हणजे अ‍ॅट-बॅट्स; २००७ मध्ये त्याने ७१६ अ‍ॅट-बॅट्स घेतल्या, एका मोसमातला तो विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. चार बॉल सोडून वॉक (फुकटचा पहिला बेस) घ्यायचाच नाही म्हटल्यावर अ‍ॅट-बॅट्स वाढणारच, आणि मागोमाग हिट्सही.

डेलावेअरकाठी | ९:०५

त्या वर्षी १६२ पैकी १६२ सामने खेळला हो तो. तेही शॉर्टस्टॉपला. रोज उठून उभं राहणं ही तुमच्या तक्त्यात गुणवत्ता नसेल, आमच्यात असते.

नानबा | ९:३०

मी पुण्याचा. मुलगा तुमच्याच बाजूला असतो, म्हणून हा धागा उघडला. उन्हाळ्यात तिकडे गेलो की रात्री तीन तास हेच चालू असतं. मला होमरन तेवढा कळतो. हा शॉर्टस्टॉप नेमका उभा कुठे असतो आणि त्याला सूट कसली देताय?

स्वरा_प | ९:४८

नानबा, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे. बहुतेक फलंदाज उजवे असल्यामुळे जमिनीवरून येणारे चेंडू त्या बाजूला जास्त. आणि तिथून पहिला बेस लांब पडतो. फलंदाजाला बॅट टाकून पहिल्या बेसवर पोचायला साधारण सव्वाचार सेकंद लागतात. तेवढ्यात याने आडवं धावायचं, चेंडू ग्लव्हमध्ये घ्यायचा, हातात काढायचा, पाय रोवायचे (वेळ असेल तर) आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला अचूक फेकायचा. एकदा हातातून निसटला की संपलं. म्हणून इथे फलंदाजी जरा कमी असली तरी चालवून घेतात.

रॉलिन्सचं हेच बघायला मजा यायची. घाई कधी दिसायचीच नाही. पहिल्या बेसकडे बघायच्या आत चेंडू सुटलेला असायचा. आणि धावणारा मात्र पाऊलभराने बाद.

अण्णा_सातारकर | १०:०२

म्हणजे आपल्या पॉइंटच्या क्षेत्ररक्षकासारखा, फक्त प्रत्येक चेंडूला धावबाद करायचा.

खट्याळ | १०:०४

आला क्रिकेटचा संदर्भ. यंदा बराच उशिरा आला. अण्णा, आता इथेच थांबा, नाहीतर पुढच्या पानावर सचिन येईल.

मेट्सग्रस्त | १०:४०

बोलावलंत, आलो. एडिसनला राहतो, मेट्स धरलेत, नशीब ज्याचं त्याचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. जानेवारी २००७ मध्ये रॉलिन्स या गृहस्थाने जाहीर केलं की आपल्या गटात हरवायचा संघ म्हणजे फिलीज. फिलीज तेव्हा १९९३ नंतर एकदाही प्लेऑफला गेले नव्हते. आदल्या वर्षी गट जिंकला होता आम्ही. आम्ही पोट धरून हसलो. शे स्टेडियमवर तो दिसला की हुर्यो उडवायची, हा ठरलेला कार्यक्रम.

१२ सप्टेंबरला आम्ही सात सामन्यांनी पुढे आणि १७ शिल्लक. तिथून गट घालवणं हे तसं अवघड काम आहे. आम्ही केलं. ३० सप्टेंबरला शेवटच्या सामन्यात आमचा पिचर टॉम ग्लॅव्हिन, जो आज हॉल ऑफ फेममध्ये आहे, पहिल्याच इनिंगमध्ये एक बाद करून घरी गेला तेव्हा सात धावा त्याच्या नावावर होत्या. ८-१ हरलो. तिकडे फिलाडेल्फियात त्याच दुपारी रॉलिन्सने मोसमातलं विसावं ट्रिपल (थेट तिसऱ्या बेसपर्यंतचा फटका) मारलं आणि गट त्यांनी नेला.

आता ऐका. एमव्हीपी त्या वर्षी आमच्या डेव्हिड राइटला मिळायला हवा होता, हे मी मरेपर्यंत म्हणणार. कोलोरॅडोचा मॅट हॉलिडेसुद्धा मतांच्या गुणांत ३५३-३३६ असा थोडक्यातच मागे राहिला. पण मला मत असतं तर मी रॉलिन्सला हॉलमध्ये पाठवला असता. नवव्या इनिंगला तो तिसरा येणार आहे की चौथा, हे मी बोटांवर मोजायचो. फिलीजच्या चेस अटलीसाठी मोजायचो, रॉलिन्ससाठी मोजायचो. बाकी कोणासाठी नाही.

डेलावेअरकाठी | १०:४४

मेट्सग्रस्तकडून अनुमोदन! हा स्क्रीनशॉट फ्रेम करून लावतो.

खट्याळ | १०:५१

रच्याकने, फेब्रुवारी २००८ मध्ये मेट्सच्या कार्लोस बेल्ट्रानने रॉलिन्सला उत्तर दिलं होतं की यंदा हरवायचा संघ आम्ही. मग त्या वर्षी शेवटच्या दिवशी, शे स्टेडियमच्या शेवटच्या सामन्यात, काय झालं बरं?

मेट्सग्रस्त | १०:५२

ॲडमिन, वरचा प्रतिसाद उडवा.

पाचवा_मजला | २३ जानेवारी, सकाळी ७:१५

२००७ चं एक राहिलं. ३८ डबल, २० ट्रिपल, ३० होमरन, ४१ स्टोलन बेस. चारही रकान्यांत वीस किंवा जास्त. याआधी फ्रँक शुल्टे १९११ मध्ये आणि विली मेज १९५७ मध्ये, बस. पन्नास वर्षांनी केलं याने.

आकडेमोड | ७:४०

आणि त्याच वर्षी कर्टिस ग्रँडरसननेही केलं. ग्रँडरसन यंदा याच मतपत्रिकेवर होता. पाच टक्केही पडले नाहीत, पुढच्या वर्षी त्याचं नावच नसेल. एका मोसमावर हॉल मिळत नाही.

आता त्या २०००-२००-४०० बद्दल, कारण धागाकर्त्यांचा सगळा डोलारा त्याच्यावर आहे. बॅरी लार्किन, हाही शॉर्टस्टॉपच : २३४० हिट्स, १९८ होमरन, ३७९ स्टोलन बेस. म्हणजे दोन होमरन आणि २१ बेस कमी पडले म्हणून तो त्या यादीत नाही. पण लार्किनचा ऑन-बेस .३७१ आणि ओपीएस-प्लस ११६. तो २०१२ मध्ये ८६ टक्के मतांनी आत गेला. रेषा कुठे ओढायची हे आपणच ठरवलं तर कुणालाही एकमेवाद्वितीय करता येतं. रेषा १९० आणि ३७५ वर ओढा, लार्किन लगेच आत येतो आणि रॉलिन्सपेक्षा सरस दिसतो.

डेलावेअरकाठी | ८:०३

लार्किन सरस आहेच, मी कुठे नाही म्हणतोय? हॉलमध्ये शिरायला लार्किनपेक्षा सरस असावं लागतं का? मग फिल रिझुटो कसा आत आहे? रॅबिट मॅरनव्हिल .२५८ च्या सरासरीवर कसा आत आहे?

आकडेमोड | ८:१०

घरातल्या सगळ्यात ठेंगण्या माणसाकडे बोट दाखवून दाराची उंची ठरवायची झाली, तर वाकायची गरज कुणालाच उरणार नाही.

वाफाळता_चहा | ८:४५

आकडेमोड यांच्या आधीच्या प्रतिसादाला +१, या प्रतिसादाला मोदक.

अवांतर : आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन कूपर्सटाउनला, हॉल ऑफ फेमच्या गावी, गेलो होतो. गाव एवढंसं, एक मेन स्ट्रीट, बाजूला तळं, प्रत्येक दुसऱ्या दुकानात बॅटी. ज्या दालनात ब्राँझच्या पाट्या लावल्यात तिथे इतकी शांतता होती की सासूबाईंनी दाराशी थबकून विचारलं, "चपला काढायच्या का गं?" सासरे चश्मा वर-खाली करत एकेक पाटी वाचत होते. चेहरा, टोपी आणि खाली चार-सहा ओळी. ऑन-बेस नाही, वॉर नाही. कोण होता, कुठे खेळला, काय केलं.

तेव्हापासून माझी साधी कसोटी आहे. त्या चार-सहा ओळी फुगवून न लिहिता भरतात का? रॉलिन्सच्या भरतात. एमव्हीपी, ३८ सामने, फिलीजच्या सर्वाधिक हिट्स, ७१६, विजेता. मला भरती करावी लागली नाही.

स्वरा_प | ९:२०

चहाताई, चपलांच्या प्रसंगावर हसून हसून पुरेवाट.

पण त्या पाटीवर काय येणार नाही ते मी सांगते, कारण मी सीझन तिकीटवाल्यांच्या घरात वाढले. पहिल्याच बॉलवर उंच पॉप-अप. हवेत जाऊन इनफिल्डमध्येच पडणारा. आमचे बाबा तो बॅटिंगला निघाला की टीव्हीला सांगायचे, "बघ रे बाबा, एक तरी बघ." बॉक्समध्ये स्थिरावायच्या आत बाद होऊन तो परत निघालेला असायचा. आणि पुढच्याच वेळी पहिला बॉल थेट स्टँडमध्ये. सामन्याच्या सुरुवातीलाच मारलेले असे त्याचे ४६ होमरन आहेत. तेव्हा बाबा म्हणायचे, "हेच सांगत होतो मी त्याला."

२००८ मध्ये, आदल्या वर्षीचा एमव्हीपी असताना, मॅनेजर चार्ली मॅन्युएलने त्याला दोनदा बाकावर बसवलं. एकदा पॉप-अपवर धावला नाही म्हणून, एकदा शे स्टेडियमला उशिरा आला म्हणून. मग ऑगस्टमध्ये टीव्हीवर बोलून बसला की इथले प्रेक्षक जिंकलो की जवळ, हरलो की लांब. गावभर बोंबाबोंब. पुढच्या घरच्या सामन्यात आम्ही बूऽऽ करून त्याचंच म्हणणं खरं करून दाखवलं, हे त्या वेळी कुणाच्या लक्षातही आलं नाही. :D

आणि तरीही. १९ ऑक्टोबर २००९, लीग चॅम्पियनशिपचा चौथा सामना, डॉजर्स ४-३ ने पुढे, नववी इनिंग. मॅट स्टेअर्सला वॉक, कार्लोस रुईझला चेंडू लागला, दोन बाद. समोर त्यांचा पिचर जोनाथन ब्रॉक्स्टन, हा एवढा धिप्पाड, ताशी शंभर मैलांच्या आसपास वेग. आणि हा पाच फूट सात-आठ इंचांचा माणूस डावखुरा उभा. (तो दोन्ही हातांनी खेळायचा.) चेंडू उजव्या-मधल्या गॅपमध्ये गेला आणि भिंतीपर्यंत गेला. स्टेअर्सच्या जागी धावणारा ब्रंटलेट आला, मागून रुईझ आला. रुईझ कॅचर, कॅचरला एवढं पळताना मी आधी पाहिलं नव्हतं. ५-४. आमच्या इमारतीतला खालचा शेजारी, ज्याच्याशी आमचं पार्किंगवरून बोलणं बंद होतं, तो वर येऊन बाबांना मिठी मारून गेला. दुसऱ्या दिवसापासून बोलणं पुन्हा बंद.

नानबा | ९:५५

हे वाचायला मजा आली. मुलाला फोन करून विचारलं, तू तेव्हा कुठे होतास? म्हणाला ऑफिसात अडकलो होतो, अजून वाईट वाटतं.

अण्णा_सातारकर | १०:३०

क्रिकेट नाही, घाबरू नका. ओमार विझकेलचं काय? शॉर्टस्टॉपच आहे, ११ गोल्ड ग्लव्ह, २८७७ हिट्स. रॉलिन्सपेक्षा हे जास्त नाही का?

आकडेमोड | १०:५०

२०२० मध्ये तो ५२.६ टक्क्यांवर होता, रांगेत लागलेला होता. मग कौटुंबिक हिंसाचाराचे आरोप आले, त्यानंतर लैंगिक छळाचा दावा. यंदा १७.८. मतदारांना दिलेल्या नियमात चारित्र्य हा शब्द आहे, आणि तो कधी वापरायचा हे प्रत्येक जण आपल्या मनाने ठरवतो. फक्त खेळ बघितला तर विझकेल बॅटने रॉलिन्सपेक्षाही कमी, ओपीएस-प्लस ८२. हिट्सचा ढीग चोवीस मोसमांचा आहे.

रॉलिन्सच्या बाजूने एवढं म्हणेन : २०१४ चा रॉबर्टो क्लेमेंटे पुरस्कार त्याला मिळालाय, जो मैदानाबाहेरच्या कामासाठी असतो. चारित्र्याचा रकाना स्वच्छ.

पाचवा_मजला | ११:१०

माझ्या मते रॉलिन्सच्या वाटेत अटली उभा आहे. चेस अटलीला यंदा ३९.८ टक्के, दुसरंच वर्ष. हिट्स फक्त १८८५, पण वॉर ६४ च्या पुढे. दोघं शेजारी शेजारी उभे राहून इतकी वर्षं खेळले, सहा-चार-तीनचे डबल प्ले (शॉर्टस्टॉपकडून सेकंड बेसला, तिथून फर्स्ट बेसला, एका चेंडूत दोन बाद) केले, आणि नवे मतदार एकालाच निवडतात. मतपत्रिकेवर जास्तीत जास्त दहाच नावं लिहिता येतात, त्यात एकाच संघाचे दोन कशाला, असाही विचार होत असणार.

डेलावेअरकाठी | दुपारी १:२५

अटली आत जावा, शंभर टक्के. पण माझ्या डोळ्यांदेखत जे घडलं ते सांगतो. रॉलिन्स जानेवारी २००७ मध्ये बोलला तेव्हा या गावात कोणीही, अगदी कोणीही, असं बोलत नव्हतं. जुलै २००७ मध्ये फिलीजने दहा हजारावा पराभव नोंदवला, कुठल्याही व्यावसायिक संघाआधी. हरणं इथे परंपरा होती. स्वभावाने अटली बोलणारा नव्हता, संघातला रायन हॉवर्ड नव्हता. हा बोलला आणि मग वर्षभर एकही सामना न चुकवता खेळला. त्यानंतर सलग पाच वर्षं गट जिंकला. यातलं किती वॉरमध्ये येतं, आकडेमोड?

आकडेमोड | १:४०

काहीच येत नाही. आणि येऊ नये. बोलल्यामुळे जिंकले की जिंकल्यामुळे ते बोलणं आठवतं? बेल्ट्रानही बोललाच होता.

मेट्सग्रस्त | १:४२

पुन्हा तेच. मी इथे पाहुणा आहे, जरा तरी मान ठेवा.

वाफाळता_चहा | २:१५

मतदारांना तरी पटवायला किती वेळ आहे?

पाचवा_मजला | २:३३

दहा वर्षं, दरवर्षी किमान पाच टक्के मिळाले तर. पहिलं वर्ष २०२२, म्हणजे २०३१ पर्यंत. चाल मंद आहे पण खाली गेलेली नाही : ९.४, १२.९, १४.८, १८.

तिथून सुटला तरी समिती असते. सोळा जण, बारा मतं लागतात. ॲलन ट्रामेल, तोही शॉर्टस्टॉप आणि रॉलिन्सपेक्षा बराच भक्कम, पत्रकारांच्या मतपत्रिकेवर पंधरा वर्षं बसून राहिला, ४१ टक्क्यांच्या वर कधी गेला नाही. समितीने २०१८ मध्ये घेतला. त्याच्याच शेजारी सेकंड बेसला खेळलेला लू व्हिटेकर पहिल्याच वर्षी २.९ टक्क्यांवर बाद झाला तो अजून बाहेर. आणि आपला फिलीजचा डिक ॲलन. समितीत दोनदा एका मताने हुकला. गेल्या महिन्यात घेतला एकदाचा, तेव्हा त्याला जाऊन चार वर्षं झाली होती.

आकडेमोड | २:५०

समितीत रॉलिन्सला संधी आहे, हे मी मान्य करतो. तिथे माजी खेळाडू बसतात, त्यांना .३२४ पेक्षा एमव्हीपी आणि विजेतेपदाची अंगठी जास्त दिसते. माझं मत नाहीच राहील. पण तो आत गेला तर मी दुखवटा पाळणार नाही.

डेलावेअरकाठी | ३:०५

आकडेमोड यांच्याकडून एवढं म्हणजे ओपीएस-प्लस १५० समजायचं.

खट्याळ | ३:०७

मग ठरलं. रॉलिन्सने व्यायाम चालू ठेवावा, गोड कमी करावं आणि २०३५ पर्यंत तब्येतीला जपावं.

नानबा | ३:४०

मुलाचा मेसेज आलाय. म्हणतो, "बाबा, त्यांना सांगा अटली आधी." यावर मी काय लिहू?

मेट्सग्रस्त | ३:४१

लिहा की घरात मेट्सचा टीव्ही लावा.